अक्रोडाचा दस्ता

गेर्नोट आला तेव्हा बंदूक घोंगडीत गुंडाळलेली,
आजारी करडू कुशीत धरावं तशी.
"कुणी घडवली, एवढंच सांगा."
"विकायचीय?"
"तसं अजून काही ठरलं नाही."

मी हात पुसले.
फेर्लाखमध्ये आधी हात पुसतात, मग बोलतात.
खिडकीबाहेर कारावांकेनवर उशिराचा बर्फ,
टेबलावर साडेतीन किलो लोखंड-लाकूड
आणि कागद एकही नाही.

पहिलं उत्तर सोपं होतं.
पाठीवरचा शिक्का घासून काढलाय,
पण घासणारा घाईत असावा:
दिवा तिरका धरला की मुकुटाचं एक टोक दिसतं,
पुसलेल्या पाटीवर कालची बेरीज दिसावी तसं.
म्हणजे जन्म सैन्यातला.
युद्ध संपलं, मुकुटवाले गेले,
आणि शिपायाचा डगला उसवून
कुणी लग्नाचा कोट शिवावा
तशी ही शिवून काढलेली.

नळी मात्र इथलीच. पोटाशी आमच्या चाचणीघराचा ठसा,
एक आकडा, एक ठिपका, मग तेवीस.
एकोणीसशे तेवीस.
नळी निम्मी अष्टकोनी, निम्मी गोल;
चापाभोवतीचं कडं म्हशीच्या शिंगाचं;
चाप दोन: एक जागं करायला,
दुसरा निरोप द्यायला.
आणि सळईच्या खाली, जिथं कुणी बघत नाही,
दोन अक्षरं: आ. क.

त्या साली या गावात आ. क. अकरा होते.
एक माझ्या आईचा मामा,
त्याला सुतळीसुद्धा सरळ कापता येत नसे.
तो नक्कीच नाही. उरले दहा.

मग दस्त्याला हात लावला आणि थांबले.
वाकडा.
ओल लागून वाकलेला नव्हे, मुद्दाम,
मानेपाशी वळवून आणलेला,
पाट वळवावा तसा.
टेकायचा उजव्या खांद्याला
आणि बघायचं डाव्या डोळ्यानं.
असं लाकूड चुकून होत नाही.

"आजोबांचा उजवा डोळा?"
"शाबूत. नव्वदीतही सुईत दोरा ओवायचे."
मग हसला. "पण हिनं त्यांनी एक हरीण पाडलं नाही.
घरात थट्टा चालायची.
आजी म्हणायची, मन मऊ आहे हो त्यांचं."

मी दस्त्यामागची पट्टी उघडली.
स्क्रूंच्या खाचा कोऱ्या होत्या,
शंभर वर्षांत कुणी फिरवले नव्हते.
आत पेन्सिलीचं, जाड, सुताराचं अक्षर.
जी भाषा माझी आई
स्वयंपाकघराचं दार लावूनच बोलायची, त्या भाषेत:
*हान्झेसाठी. डोळा गेला, हात आहे.
झाड तुझ्याच अंगणातलं.*

मोठ्यानं वाचलं. मग त्याच्यासाठी जर्मनमधे.
त्यानं दोनदा विचारलं, कुठलं अंगण.
मी सांगितलं, ते लिहिलेलं नाही.

"आमच्याकडे एक बुंधा आहे," तो म्हणाला,
"विहिरीजवळ. लहानपणी त्याच्यावर उभं राहून
आम्ही उंची मोजायचो.
ते घर आम्हाला बेचाळीस साली मिळालं."

मिळालं.
हे क्रियापद मी दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं.
त्याच्यावरचाही शिक्का घासलेला होता.

तेवढ्यात त्यानं बंदूक खांद्याला लावली,
रिकामी, खिडकीकडे, बर्फाच्या रेषेवर.
सवयीनं डावा डोळा मिटला.
"काहीच दिसत नाही. नुसतं लाकूड."
"दुसरा मिटा."

माशी खाचेत येऊन बसली असणार,
कारण त्याचा श्वास अडला,
आणि पलीकडचा डोंगर
पहिल्यांदाच जागेवर आल्यासारखा
तो बघत राहिला.

पावतीवर मी लिहिलं:
घडवणारा दहांपैकी एक.
पुढचा रकाना मालकाचा.
तिथं पेन ठेवून मी चहाला पाणी चढवलं.
बंदूक खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला.